सोफ्याला मॅच होणारे चित्र

गेल्या वर्षभरात नागपुरात बेसा, मनीषनगर आणि वर्धा रोड मिळून पाच वास्तुपूजनांना जाण्याचा योग आला. त्यांपैकी तीन घरांत, बैठकीतल्या सोफ्याच्या मागे, तेच सात पांढरे घोडे पाण्यातून उधळत येताना भेटले. उरलेल्या दोन घरांत बुद्धाचा सोनेरी मुखवटा होता. एका ठिकाणी तर त्याच्या हनुवटीखालून कारंजे झिरपत होते आणि शेजारीच चपलांचे कपाट होते. घोड्यांबद्दल माझी फारशी तक्रार नाही. ते बहुधा वास्तुतज्ज्ञाने सांगितलेले असतात आणि सांगितलेले औषध माणूस मुकाट्याने घेतो. बुद्धाचे मात्र खटकले. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि जिथे असंख्य घरांत त्या मूर्तीपुढे श्रद्धेने मेणबत्ती लागते, तिथे तोच चेहरा चपलांशेजारी शोभेला ठेवताना आपल्याला काहीच कसे वाटत नाही?

आमच्या घराचे काम काढले तेव्हा सजावटकाराने आधी सोफ्याच्या कापडाचा नमुना दाखवला, मग पडद्यांचा, आणि सर्वांत शेवटी मोबाईलवर चित्रांची रांग उघडून म्हणाला, “मॅडम, हे घ्या, यातला निळा कुशनशी मॅच होतो.” चित्र निवडण्याची ही रीतच मला उलटी वाटते. सोफ्याचे कापड सात-आठ वर्षांत विटते आणि बदलावे लागते. मग केवळ त्याच्या रंगासाठी घेतलेल्या चित्राने त्यानंतर घरात कशासाठी राहायचे? चित्र आधी आवडावे, ते कोणी आणि कशाने केले याची थोडी विचारपूस करावी, आणि भिंत मागाहून शोधावी. तोवर भिंत रिकामी राहिली तरी काही बिघडत नाही. आमची दीड वर्ष रिकामी होती आणि येणारा प्रत्येक पाहुणा तिथे काय लावावे हे सांगून जात होता.

छापील चित्र म्हणजे हलके, असे मात्र मला म्हणायचे नाही. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या भिंतीवर पोहोचल्या. माझ्या आजीच्या देवघरात तशीच एक काळवंडलेली सरस्वती होती आणि ती आजीने कशाशीही मॅच करून आणलेली नव्हती.

आमच्या बैठकीत आज पहिली नजर जाते ती माळ्यावरून खाली काढलेल्या लाकडी नंदीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो आणि मुले चाकांवरचे लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. हा नंदी आजोबांनी ओळखीच्या सुताराकडून सागवानात करवून घेतला होता. वशिंडाजवळ रंगाचा टवका उडाला आहे, तिथे पांढऱ्याखाली हिरवा आणि हिरव्याखाली लाल दिसतो. म्हणजे निदान तीन वेळा तरी कोणीतरी अंगणात बसून त्याला रंगवले आहे. मागचे एक चाक इतर तिघांहून जरा लहान आहे, त्यामुळे तो किंचित मागे रेलून उभा राहतो. सजावटकाराने त्याला नवा रंग देऊन “अँटिक फिनिश” करण्याचे सुचवले होते. खरोखर जुन्या वस्तूला जुनेपणाचा रंग देण्याचा हा उद्योग मी नम्रपणे नाकारला.

रिकाम्या भिंतीवर शेवटी लागले ते फुटाळा तलावाचे जलरंगातले चित्र. चित्रकला शिकणाऱ्या एका मुलीकडून ते घेतले आणि चौकटीसह जेवढा खर्च आला तेवढ्यात कॅनव्हासवर छापलेले सात घोडे सहज आले असते. पुढची चूक सर्वस्वी माझी. कूलरचा झोत थेट अंगावर येईल अशा भिंतीवर मी ते टांगले. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात असताना कूलर दिवसरात्र चालू होता, आणि जूनपर्यंत कागद पापडासारखा लहरला. ऑगस्टमध्ये आकाशाच्या भागात तपकिरी ठिपके उमटले. फ्रेमवाल्याने काच थेट कागदाला भिडवून बसवली होती. मध्ये माउंटची पट्टी नसल्यामुळे काचेच्या आतून धरलेली ओल कागदातच मुरली. आता माउंट घातला आहे, चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले आहेत म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते, आणि जागाही बदलून आतली, पश्चिमेच्या उन्हापासून लांबची केली आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंचांवर यावा असा कलादालनांचा प्रघात आहे. आम्ही बहुतेक वेळ बसलेलेच असतो, म्हणून मी ते त्याहूनही खाली घेतले आहे. ठिपके राहिले ते राहिलेच.

तिसरी वस्तू बस्तरची ढोकरा घोडेस्वाराची मूर्ती, सिव्हिल लाइन्समध्ये दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या क्राफ्ट मेळ्यात घेतलेली. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून आकार करतात, वरून मातीचा लेप देतात, भट्टीत मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत पितळेचा रस ओततात. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, त्यामुळे हुबेहूब दुसरी तशी नसते. खाचांमध्ये जो काळसर रंग राहतो त्याने त्या तारा उठून दिसतात. मागच्या दिवाळीत आमच्या मावशी मोठ्या मायेने मदतीला आल्या आणि देवाच्या समयांबरोबर त्यांनी घोडेस्वारालाही चिंच-मीठ लावून लख्ख घासले. तेव्हापासून तो शिपाई बॅण्डवाल्यासारखा चमकतो आहे. मावशींना काही बोलले नाही. काळेपण हळूहळू परत चढते आहे.

एवढ्या तीनच वस्तू. काचेचे शोकेस आम्ही मुद्दाम केले नाही, कारण काचेआडची वस्तू कोणी हातात घेत नाही आणि मग ती कोणी पाहतही नाही. नंदी तर वर्षातून एक दिवस घराबाहेरच असतो. यंदा तान्ह्या पोळ्याला भाच्याने त्याला मैदानापर्यंत ओढत नेले आणि संध्याकाळी परत आणला तेव्हा डाव्या शिंगाची पितळी टोपी पडली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे ती मैदानावर शोधून आलो. सापडली नाही. आता उजवे शिंग चकाकते आणि डावे उघडे आहे. भाचा म्हणतो, पुढच्या वर्षी दोन्ही शिंगांना बेगड लावू.