ब्रिटनमध्ये राजा राज्य करतो, हे साफ खोटं आहे

‘ब्रिटनची लोकशाही म्हणजे नुसतं नाटक’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. त्यातले दावे असे: राजाच्या सहीशिवाय तिथे कायदा होत नाही, तो वाटेल तेव्हा पंतप्रधानाला घरी बसवतो, २०१९ साली राणीने संसदच बंद पाडली, फौज राजाची आहे, कर तो भरत नाही आणि ऑस्ट्रेलिया-कॅनडा आजही त्याच्याच हुकमतीत आहेत. पुतण्याने तो मला पाठवला आणि विचारलं, “काका, मग ते निवडणुका घेतात तरी कशाला?” हा साधा प्रश्न पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडला नाही, याची चीड येते.

आधी सही. ती लागते, हे खरं. पण ब्रिटनमध्ये ती शेवटची नाकारली गेली १७०८ साली. राणी ॲनने स्कॉटलंडच्या मिलिशियाचं, म्हणजे नागरिकांच्या राखीव फौजेचं विधेयक अडवलं, तेही मंत्र्यांच्याच सल्ल्याने. आणि सही नाकारणाऱ्या राजाचं पुढे काय होतं, ते बेल्जियममध्ये दिसलं. १९९० साली राजा बोदुएँने गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला नकार दिला. मंत्रिमंडळाने त्याला राज्यकारभार करण्यास असमर्थ जाहीर केलं, कायदा स्वतः लागू केला आणि लगेच संसदेने राजाला त्याचे अधिकार परत दिले. स्वीडनने तर १९७४च्या राज्यघटनेत राजाची सहीच काढून टाकली.

पंतप्रधानाला काढण्याचं म्हणाल, तर ब्रिटनमध्ये हे शेवटचं केलं चौथ्या विल्यमने, १८३४ साली. पंतप्रधान मेलबर्नला हटवून पीलला आणलं. कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहात, पीलचं बहुमत नव्हतं. काही महिन्यांत त्याला जावं लागलं आणि मेलबर्न परत आला. त्यानंतर कुठल्याच राजाने किंवा राणीने तो प्रयोग केलेला नाही.

आता २०१९. सगळ्या मेसेजमधला हा मुद्दा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो खऱ्या जबाबदार माणसाला मोकळं सोडतो. ब्रेक्झिटची, म्हणजे युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मुदत तोंडावर असताना संसद पाच आठवडे बंद ठेवायचं ठरवलं ते तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी. एलिझाबेथ राणीने पंतप्रधानाचा सल्ला मानला, कारण तसा सल्ला मानायचा हा तिथला संकेत आहे. लोक कोर्टात गेले ते त्या सल्ल्याविरुद्ध. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला: संसदेला तिचं काम करण्यापासून रोखणारा हा सल्ला बेकायदा होता, म्हणून त्यावर निघालेला आदेशही रद्द. संसद बंद करण्याचा आदेश घेऊन गेलेले राणीचे आयुक्त जणू कोरा कागद घेऊन संसदेत शिरले होते, असं न्यायालयाने म्हटलं. दुसऱ्याच दिवशी संसद पुन्हा बसली. राणीच्या नावाने निघालेला आदेश न्यायालयाने कचऱ्यात टाकला आणि सरकारने तो निकाल पाळला. राजा सर्वशक्तिमान असलेल्या देशात हे घडतं का? ‘राणीने संसद बंद केली’ असं लिहिणारा नेमका त्याच माणसाला पाठीशी घालतो, ज्याला संसदेने आणि मतदारांनी जाब विचारायचा असतो.

फौजेबद्दल एवढंच: १६८९च्या बिल ऑफ राइट्स या कायद्यानुसार शांततेच्या काळात संसदेच्या मंजुरीविना खडं सैन्य ठेवता येत नाही. कराचा मुद्दा अर्धा खरा. राजाला आयकर भरण्याची कायद्याने सक्ती नाही. १९९३पासून तो स्वेच्छेने भरला जातो.

राहिला ऑस्ट्रेलिया-कॅनडावरच्या हुकमतीचा दावा. ऑस्ट्रेलियात १९७५ साली पंतप्रधान व्हिटलॅम यांचं सरकार बरखास्त झालं, ते राणीचे तिथले प्रतिनिधी, गव्हर्नर-जनरल जॉन कर यांनी केलं, आणि कर यांची नेमणूक व्हिटलॅम यांच्याच सल्ल्याने झाली होती. तिथल्या सभापतींनी राणीला हस्तक्षेपाची विनंती केली. उत्तर आलं की घटनेने हा अधिकार गव्हर्नर-जनरलला दिलाय, राणी त्यात पडणार नाही. आणि ब्रिटनच्या राणीलाच राष्ट्रप्रमुख मानणाऱ्या बार्बाडोस या कॅरिबियन देशाने २०२१ साली स्वतःच्या संसदेत घटना बदलून राजेशाही सोडली.

एक गोष्ट मात्र मला कबूल करावी लागेल, आणि ती मेसेजमध्ये नाहीच. राजाच्या विशेषाधिकारांना किंवा खासगी मालमत्तेला स्पर्श करणाऱ्या विधेयकाला संसदेतून पार होण्याआधीच त्याची परवानगी घ्यावी लागते. १९७३ साली राणीची खासगी संपत्ती लोकांपुढे येऊ नये म्हणून तिच्या वकिलाने सरकारकडे खटपट केल्याचं सरकारी कागदपत्रांतून २०२१ साली बाहेर आलं. राजवाडा हे नाकारतो, पण मला ती प्रथा मुळातच चुकीची वाटते. मात्र १९९९ साली इराकवरच्या लष्करी कारवाईला संसदेची मंजुरी सक्तीची करू पाहणारं खासगी विधेयक याच परवानगीअभावी अडलं, तेव्हा ती नाकारण्याचा सल्ला दिला होता निवडून आलेल्या सरकारने. त्या सरकारचे पंतप्रधान होते टोनी ब्लेअर.