कूलरसमोरचे तीन राउंड

शॅडो बॉक्सिंगला, म्हणजे हवेतच ठोसे मारायच्या सरावाला, काहीच लागत नाही म्हणतात. ग्लोव्हज नकोत, बॅग नको, समोर प्रतिस्पर्धीही नको. हातपाय हलवता येतील एवढी जागा असली की झालं. असं म्हणणाऱ्यांनी मे महिन्यातलं नागपूर पाहिलेलं नाही. २०१३च्या मे महिन्यात इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या मानानं ४५ म्हणजे आम्ही गारवाच समजतो. अशा दिवसांत आमच्या घरात उभं राहण्यालायक जागा एकच, कूलरसमोरची. आणि ती आईच्या नावावर आहे.

डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी खाली, मुठी गालांशी. एवढं सगळं जमवून उभा राहिलो, तर आई म्हणाली, "काय झालं बा, दाढ दुखून राहिली का?"

जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सोपा वाटतो, पण गेलेला हात तितक्याच वेगानं गालाशी परत यावा लागतो. माझा उधारीच्या पैशांसारखा येतो. क्रॉसची, म्हणजे मागच्या हाताच्या सरळ ठोशाची, ताकद म्हणे खांद्यात नसते. मागचा पाय फिरवला की ती कंबरेतून येते. माझ्या कंबरेतून तूर्तास फक्त आवाज येतो. शिवाय प्रत्येक ठोशाला 'श्श' करत श्वास सोडायचा.

"पाल हाकलून राहिला का रे? अन् हवा सोड जरा!"

नवख्यानं दोन मिनिटांचा राउंड करावा आणि मिनिटभर थांबावं. थांबलो की बाबा पेपरातून मान वर काढतात. "आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ला पोलंडमधून युवा जागतिक स्पर्धेचं सुवर्ण आणलं. तू कूलरमध्ये पाणी तरी आण."

ठोशांना आकडे असतात: जॅब एक, क्रॉस दोन, डावा हुक तीन. ते घोकायला बायकोची मदत घ्यावी, असं मनात होतं. तिसऱ्या राउंडला ती स्वयंपाकघरातून ओरडली, "तीन!"

मी कोपर वाकवून, कंबर फिरवून, आयुष्यातला सर्वांत देखणा हुक मारला.

तिकडे कुकरच्या शिट्ट्या तीन झाल्या होत्या. इकडे दोरीवरचा ओला टॉवेल उडून थेट आईच्या डोक्यावर.

घरात सामसूम. टॉवेलाखालून आवाज आला, "राहू दे, काढू नको. बरं वाटून राहिलं. मार आता किती मारायचं ते."