'झेपेल का?' हे आपण कुणाला विचारतो

गेल्या महिन्यात कपाट आवरताना जुन्या फायली निघाल्या. मी समुपदेशक; दहावीनंतर काय करायचं हे विचारायला माझ्याकडे आलेल्या मुलामुलींच्या. चाचणीचे गुण, घरची माहिती आणि बोलणं झाल्यावर मी लिहिलेली टिपणं. दहा-अकरा वर्षांपूर्वीचं माझंच अक्षर. वाचता वाचता एका वाक्याशी अडखळले, आणि मग ते वाक्य पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. 'झेपेल का, पाहावे.'

ते मी सगळ्यांच्या फायलीत लिहिलं नव्हतं.

दोन फायली शेजारी ठेवल्या. एक मुलगा, वडील बँकेत, शहरातली शाळा. एक मुलगी, आईवडील ऊसतोडीला जाणारे, गाव गेवराई तालुक्यातलं, मावशीकडे राहून शिकणारी. अंकांच्या चाचणीत मुलगी त्याच्या पुढे होती. मुलाच्या कागदावर मी लिहिलं होतं, 'सायन्स घ्यावे, गणिताला क्लास लावावा.' मुलीच्या कागदावर, 'आर्ट्स, पुढे डी.एड. किंवा नर्सिंग. सायन्स झेपेल का, पाहावे.' त्याचं गणित कच्चं होतं तर त्याला क्लास सांगितला. तिचं पक्कं होतं तरी शंका तिच्यावरच घेतली.

रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. फायलीत मावशीचा नंबर होता, तो लागला. ती मुलगी आता पुण्यात एका दवाखान्यात सिस्टर आहे, धाकट्या बहिणीचा खर्च तिच्याच पगारावर चालतो. माझ्यावर तिचा राग नाही. "मॅडम, तुम्ही सांगितलं म्हणून तर शिकले," म्हणाली. मग बोलता बोलता तिने सांगितलं, की सातवीपासून दरवर्षी दिवाळीनंतरचे दीड-दोन महिने ती आईवडिलांबरोबर उसाच्या फडावर असायची आणि टोळीतल्या सगळ्या कोयत्यांचा, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोड्यांचा, हिशोब तीच ठेवायची. कुणी मुकादमाकडून किती उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतली, कारखान्याच्या काट्यावर कुणाच्या गाडीचं किती टन भरलं, त्यातून किती फिटलं, किती अंगावर राहिलं. मुकादमाच्या वहीत आणि तिच्या वहीत फरक आला, की टोळीतल्या बायका तिची वही पुढे करायच्या.

तेरा-चौदा वर्षांची मुलगी हे करत होती. माझ्या फायलीत त्याच दिवसांची नोंद अशी आहे: 'शाळेत अनियमित. अभ्यासाची गोडी कमी.' त्या दिवसांत तू काय करतेस, हे मी तिला विचारलंच नव्हतं.

नर्सिंग कमी प्रतीचं काम आहे असं मी म्हणत नाही. तिने ते मनापासून केलंय आणि तिचा मला आदर आहे. पण दुसरी वाट तिला दिसायच्या आधीच मी बंद केली, आणि वर तिच्या भल्याचंच सांगितलं असं समजत राहिले. हे लिहिताना फार वाईट वाटतंय.

माझे आईवडील दोघेही शिक्षक. दहावीला मला गणितात जेमतेम मार्क होते. तरी सायन्सला प्रवेश घेतला गेला, क्लास लावला गेला, नाही जमलं तेव्हा दुसरी वाट शोधली गेली. तुला झेपेल का, असं आमच्या घरात मला कुणी विचारलं नाही. पडले तरी सावरायला माणसं होती. त्या घरातून आलेल्या मला हा प्रश्न साधा व्यवहाराचा वाटायचा.

आपल्याकडे फॉर्मवर पहिला रकाना नावाचा असतो. आडनाव वाचून जात, गावावरून ऐपत आणि बोलण्यावरून हुशारी ठरवायला आपल्याला मिनिटभरसुद्धा लागत नाही. 'पाणी'ला 'पानी' म्हणणाऱ्या मुलाची भाषा कच्ची आहे असं कान आधीच ठरवतो, चाचणी नंतर होते. हे उलट बाजूनेही होतं. नोकरदार, पांढरपेशा घरातला एक मुलगा आयटीआयला वायरमनचा ट्रेड हवा म्हणून हटून बसला होता, तेव्हा त्याच्या आईबरोबर मीही म्हणाले, "एवढे मार्क असून आयटीआय?" हाताचं काम कुणी करायचं हेही आमच्या मनात जातीने आणि घराने ठरवून ठेवलेलं होतं. आणि एका मुस्लिम मुलीला तिची आवड विचारायच्या आधी मी विचारलं होतं, "घरचे बाहेरगावी पाठवतील का?" तिचे वडील त्या दिवशीचा रोज बुडवून बाहेर बाकावर बसले होते. पुण्यातल्या हॉस्टेलची चौकशी ते आधीच करून आले होते.

चाचणी असली की पूर्वग्रहाला जागा राहत नाही, असं आम्हा समुपदेशकांना वाटतं. पण चाचण्यासुद्धा माणसंच करतात. अमेरिकेत १९२७ मध्ये स्ट्राँग यांनी आवडी मोजणारी जी प्रसिद्ध प्रश्नावली काढली, ती पुरुषांसाठी होती. बायकांची वेगळी पुढे आली. पुरुषांची निळी, बायकांची गुलाबी, आणि कुठले व्यवसाय तपासायचे तेही वेगवेगळं. दोन्ही मिळून एक व्हायला १९७४ उजाडलं. इतकी वर्षं शास्त्र म्हणूनच ते चाललं होतं.

आपल्या राज्यात २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळाच्या दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली गेली. हेतू चांगला होता. गावातल्या मुलाला निदान कुणीतरी 'तुला काय आवडतं' असं विचारलं. पण कल हा पाहण्यातून तयार होतो. ज्या मुलीने गावात शिक्षिका, आशाताई, तलाठी आणि पोलीस एवढेच पगारी लोक पाहिलेत, तिचा कल त्यांच्यातच निघणार. तो निकाल तिच्या आवडीचा कमी आणि तिला काय काय दिसलं त्याचा जास्त असतो. आणि आम्ही तो तिच्या हातात देऊन सांगतो, बघ, तुझा कल इकडेच आहे.

समुपदेशनाच्या अभ्यासात सांस्कृतिक क्षमता नावाचा विषय आहे. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या डेराल्ड विंग सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची जी मांडणी केली, तिच्यात आधी समुपदेशकाने स्वतःच्या धारणा ओळखायच्या, मग समोरच्याचं जग समजून घ्यायचं, आणि मग त्याला जुळेल अशी पद्धत वापरायची. आपण पहिली पायरी गाळून थेट दुसरीवर उडी मारतो. 'त्यांच्यात मुलींची लग्नं लवकर होतात', 'त्या लोकांना धंदाच बरा', असली माहिती गोळा करतो आणि तिलाच समाजाची जाण म्हणतो. समोर बसलेल्या एका मुलीला त्या माहितीत कोंबलं, की तिचं ऐकायचं राहून जातं.

यावर नेहमी एक उत्तर येतं: "मग वास्तव सांगायचंच नाही का?" सांगायचं. पण अख्खं सांगायचं. इंजिनिअरिंग महाग आहे हे सांगितलं, तर २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी घटकांतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना केंद्रीय प्रवेश फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रम मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, हेही त्याच दमात सांगायला हवं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राहण्या-जेवणाला पैसे देणारी स्वाधार योजना आहे. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. जात पडताळणीचा अर्ज वेळेत केला नाही तर मार्क असूनही सीट जाते, म्हणून तो बारावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच करायचा. यातलं काहीही न सांगता 'झेपणार नाही' म्हणणं म्हणजे वास्तवाचा निम्मा कागद फाडून हातात देणं.

'तुझं मन सांगतं ते कर' हेसुद्धा मी फार सैल तोंडाने सांगत होते. ज्या घरात मोठ्या मुलाच्या पगारावर बहिणीचं शिक्षण आणि वडिलांचं कर्ज अवलंबून आहे, तिथे निर्णय एकट्याचा नसतो. तो मुलगा दुबळा किंवा दबलेला असतो असंही नाही. घराची काळजी हीसुद्धा त्याचीच इच्छा असते.

आता मी थोडं बदललंय. चाचणीच्या कागदावर नावाऐवजी नंबर असतो, आणि माझी पहिली टिपणं लिहून होईपर्यंत नावाचा कागद दुसऱ्या पाकिटात राहतो. बोलणं सुरू करताना मार्क विचारत नाही, "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग" म्हणते. घरात निर्णय घेणारं माणूस आजी असेल तर आजीला बोलावते, मामा असेल तर मामाला. 'झेपेल का' लिहायला हात जातोच, अजूनही. तेव्हा तिथे 'झेपण्यासाठी काय लागेल' असं लिहून खाली पैसे, राहणं, क्लास, कागदपत्रं यांचा हिशोब मांडते. याला वेळ लागतो. दिवसाला आठ मुलं पाहायचे, आता चार.

फोन ठेवताना त्या मुलीने सांगितलं, की तिची धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. आईवडील टोळीबरोबर गेलेत, बहीण मागे आजीजवळ राहिली आहे. "तिला पाठवू का मॅडम?" रविवारी अकराला या म्हटलंय, आजीलाही घेऊन. ताईच्या वहीचं पुढे काय झालं, ते तिला आधी विचारायचं आहे.