वाफ्याचं पोट

खेड्यात पालापाचोळ्याला काय तोटा, असं ज्यानं कुणी लिहून ठेवलं, त्याला एकदा आमच्या गावात आणून हातात रिकामं टोपलं द्यायला हवं.

आमचं परस काळ्या मातीचं. पावसाळ्यात पाय निघत नाही, उन्हाळ्यात भेगेत चप्पल जाते. म्हणून निवृत्तीनंतर विटांचा गादीवाफा बांधून घेतला. ८ फूट लांब, ४ रुंद, दीड फूट उंच. पालापाचोळा, शेण, माती यांच्या थरांनी तो भरायचा आणि आतच खत करायचं, असा बेत. गवंडी गेल्यावर गणित मांडलं : भरायचे ४८ घनफूट! आणि विकतचं काही आणणार नाही, हे घरात आधीच जाहीर करून बसलेलो.

सोयाबीनचं कुटार मागायला शेजारच्या काकाजींकडे गेलो. "मंग ढोरं काय खातीन मास्तर? तुमचं हजेरीपुस्तक?" पऱ्हाट्या चुलीच्या, तुराट्या कुडाच्या. शेण तर पडायच्या आधीच कोणाच्या गोवरीचं ते ठरलेलं. घरच्या भाजीच्या देठांवर शेळीचा हक्क, संत्र्याच्या साली बायको उटण्यासाठी वाळवते. अख्ख्या गावात बेवारस असं काही नाहीच.

एकच निघालं : धुऱ्यावरचं, म्हणजे शेताच्या बांधावरचं, गाजरगवत. नाव काढताच काकाजींचा चेहरा खुलला. "नेजा ना! धुऱ्यावरचं सारं नेजा. बंडी पाहिजे का?" हे फुलावर यायच्या आत कापावं लागतं, नाहीतर वाफ्यात त्याचंच पीक. शिवाय अंगाला लागलं की खाज. लांब बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला दुपट्टा अशा थाटात मी धुऱ्यावर उतरलो, तर पोरं फवारणीवाला आला म्हणून पळाली.

मग थर. खाली गावाबाहेरून वेचून आणलेली सागाची वाळकी पानं. ही भारी हट्टी. एकीवर एक बसली की पाणी वरच्यावर ओघळून जातं. म्हणून एकेक पान हातानं चुरायचं, धूळ नाकात घ्यायची. त्यावर गवत, दारोदार मागून आणलेल्या शेणाचा काला, माती, पुन्हा पानं. थोड्याच दिवसांत आत हात घालवेना इतकं ते तापलं. थंडीत गावातलं कुत्रं वर मुटकुळं करून झोपू लागलं. पहाटे कोंबड्या येत, त्याला उठवत आणि माझे थर अंगणभर पसरत.

त्यात वाफा खचायला लागला. विटांच्या जाळीदार टाकीत खत करायची रीत घालून देणारे पुसदचे नाडेपकाका पांढरीपांडे. त्यांच्या रीतीत टाकी काठावर दीड फूट शीग लावूनच भरतात, कारण पंधरा-वीस दिवसांत ती काठाच्याही खाली बसते. मीही शीग लावली. बसली. पुन्हा लावली, पुन्हा बसली.

"येवढं त्याले चारता," बायको म्हणाली, "त्यापेक्षा म्हैस घेतली असती. दूध तरी देल्लं असतं."

अखेर खत झालं. काळंभोर, भुसभुशीत, मुठीत दाबून सोडलं की मोकळं होणारं. वांग्याची रोपं लावायला बसलो, तर काकाजी टोपलं घेऊन हजर.

"आमच्या मिरच्यांले थोडंसं देजा मास्तर. गवत आमच्याच धुऱ्यावरचं होतं."