दोन भाषांत चालणारे नाव

माझ्या नातीसाठी घरच्यांनी जमवलेली जवळजवळ सगळी नावे परवा एका निवृत्त शिक्षिकेने लाल शाईने खोडली, आणि ती बाई आमची कोणीही लागत नाही, हे मला अजून पचलेले नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी मी नाशिकहून कॅनडातल्या मॉन्ट्रियलला आले आहे. या शहरात दुकानात पाऊल टाकले की 'बोंजूर-हाय' असे फ्रेंच-इंग्रजी जोडस्वागत होते. त्यातले 'हाय' दुकानदारांनी गाळावे, असा ठराव क्विबेक प्रांताच्या विधानसभेने 2017 मध्ये एकमताने केला होता. जेथे नमस्कारावरही ठराव होतो, तेथे नावाला कोण मोकळे सोडणार? म्हणून लेकीने आणि जावयांनी एकच अट घातली, की नाव इंग्रजीत चालले पाहिजे आणि फ्रेंचमध्येही. मराठीत ते चालावे, असे अटीत कोठेही नव्हते.

आपल्याकडे बारसे बाराव्या दिवशी होते. क्विबेकचे सरकार जन्माची नोंद करण्यासाठी 30 दिवस देते. वरचे 18 दिवस कशाला हवेत, असे मी आल्या आल्या विचारले होते, कारण तेवढ्यात आख्खे भारतीय युद्ध आटोपले होते. ते कशाला हवेत, हे मला परवा कळले.

खालच्या मजल्यावरच्या मादाम ऐंशीच्या घरातल्या असून त्यांनी जन्मभर शाळेत फ्रेंच शिकवले आहे. बाळाला पाहण्यासाठी त्या स्वतः विणलेले टोपडे घेऊन आल्या, बाळाकडे ओझरते पाहिले आणि फ्रिजवर चिकटवलेल्या नावांच्या यादीपाशी थबकल्या. मग त्यांनी खुर्ची मागितली, चष्मा चढवला आणि पर्समधून लाल पेन काढले. निवृत्त शिक्षिकेच्या पर्समध्ये लाल पेन कशासाठी असते, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता.

पहिले नाव होते अन्वी. जावयांचे ते लाडके. अर्थ, आद्याक्षर, अंकशास्त्र असे सगळे पाहून काढलेले. मादामनी ते 'आंवी' असे वाचले आणि म्हणाल्या, "माझ्या वर्गातली पोरं बोट वर करून रोज हेच म्हणायची."

मी आनंदाने विचारले, "म्हणजे हे नाव इथेही आहे?"

"नाव नाही. 'मादाम, मला आंवी आहे' म्हणजे मला शूला जायचंय."

जावई खिडकीबाहेर पाहू लागले. मादामना मात्र विषय सोडवेना. या शब्दाचा मूळ अर्थ इच्छा. हेवा असाही होतो. इकडची मुले तो त्या विशिष्ट निकडीसाठी वापरतात. आणि अंगावरच्या जन्मखुणेलाही तेच म्हणतात, कारण गर्भारपणी आईची खाण्याची इच्छा अपुरी राहिली तर तिचा डाग बाळाच्या अंगावर उमटतो, असे जुन्या बायका मानत. डोहाळ्यांचा हा हिशेब आमच्याकडेही आहे, असे मी उत्साहाने सांगू लागले, तोवर अन्वीवर लाल रेघ ओढून झाली होती.

दुसरे सई. हे फ्रेंचमध्ये 'से' होते आणि 'से' म्हणजे 'हे आहे'. मादामनी लगेच वर्ग भरवला : बाई हजेरीत पुकारणार 'से जोशी', म्हणजे 'हे जोशी आहे', आणि सगळा वर्ग विचारणार, कोण आहे? हर्षदाचा ह फ्रेंचमध्ये मुकाच, त्यामुळे ती अर्शदा झाली. जुईवर त्यांनी ओठांचा चंबू करून तीन वेगवेगळे उच्चार काढले आणि तिन्ही स्वतःच नापसंत केले.

मृण्मयी हे मी सुचवलेले नाव होते. इंग्रजी लिपीत ते लिहिले की पहिली दोन अक्षरे मिस्टर होतात, आणि पुढे कोणी उन्मयी नावाचा गृहस्थ उभा राहतो, असे लेकीने आधीच बजावले होते. मादामना तो गृहस्थही दिसला नाही. "यात सुरुवातीला स्वर कुठे आहे?" त्यांनी विचारले. ऋ हा स्वरच आहे, पाणिनीच्याही आधीपासून आहे, असे मी ठणकावून सांगितले. लेकीने त्याचे भाषांतर केले नाही. मला खरा राग आला तो तेथे, आणि तो मादामचा नव्हता.

"तुमचं स्वतःचं नाव काय?" मादामनी मला विचारले.

"हेमा."

"एमा!" त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "इंग्रजीत चालतं, फ्रेंचमध्ये चालतं, इथे तर फारच लोकप्रिय आहे. यादी कशाला करत बसलात?" आणि आमच्या लेकीचे डोळे खरोखरच चमकले. माझे नाव घरातल्या सर्वांना पहिल्यांदाच एवढे आवडले, पण त्यातला ह काढल्यावर. जिवंत आजीचे नाव नातीला देत नाहीत, नाहीतर "हेमे, मस्ती पुरे" असे लेक ओरडली की दोघींनी गप्प बसायचे का, हा माझा मुद्दा कोणी ऐकून घेतला नाही.

हा सगळा वाकण्याचा मक्ता आमच्याकडेच का, हे मला समजत नाही. या शहराच्या मेट्रोत गी-काँकॉर्डिया नावाचे स्थानक आहे. त्यातले पहिले नाव इंग्रजी वळणाने वाचले तर ते गाय होते, आणि फ्रेंच वळणाने गी, म्हणजे हिंदी भाषकांचे तूप. येथील लोकांचा लाडका हॉकीपटू गी लाफ्लर याचेही नाव तेच. त्याच्या जन्माच्या वेळी, हे मराठी माणसाच्या कानाला कसे लागेल, म्हणून फ्रिजवर यादी लावून कोणी बसले नव्हते. जावयांच्या कचेरीतल्या गियोम नावाच्या मुलाची स्पेलिंगमधली निम्मी अक्षरे नुसतीच उभी असतात, तरी आम्ही ते नाव मुकाट्याने शिकलो. आणि आमच्या नावातला ण, ळ, ऋ आणि ह काढून झाल्यावर उरतात त्या मीरा, माया, लीला आणि तारा. मराठी मंडळाच्या गणपतीत "माया" अशी हाक मारावी, चार-पाच पोरी एकदम वळतात. नावे गोड आहेत, माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

मादाम आता रंगात आल्या होत्या. फ्रान्समध्ये 1803 च्या कायद्याने कॅलेंडरातली आणि प्राचीन इतिहासातली नावेच चालत, मोकळीक 1993 मध्ये मिळाली, आणि तरीही न्यूटेला, म्हणजे पावाला लावायच्या चॉकलेटचे नाव ठेवलेल्या मुलीला पुढे न्यायालयाने एला केले, हे त्यांनी अशा थाटात सांगितले, जणू तो निकाल त्यांनीच लिहिला होता. त्यांच्या लहानपणी क्विबेकमध्ये हा घोळच नव्हता. बाप्तिस्म्याला मुलगी आली की तिच्या नावांत मारी असायचेच, आणि मुलगा आला की जोझेफ. "मारी ठेवा," त्या म्हणाल्या. "दोन्ही भाषांत उत्तम."

या क्षणाची मी केव्हाची वाट पाहत होते. "चालणार नाही," मी म्हटले. आमच्याकडे मरी म्हणजे पटकी. तिची देवी मरीआई, गावाच्या वेशीवर बसते, आणि तिचा पोतराज स्वतःच्या अंगावर कोरडे ओढत दारोदार फिरतो. यावेळी भाषांतर मीच केले, हातवाऱ्यांसकट. मादामनी कोरड्याचा आवाज शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "पण मुलगी तर इथेच राहणार ना?"

लेकीने मान हलवली. काल रात्री फॉर्म भरला गेला. पहिल्या रकान्यात मीरा आहे. नावे एकाहून अधिक देता येतात म्हणून दुसऱ्या रकान्यात मृण्मयी आहे, खास माझ्यासाठी. मादामनी येता-जाता त्यावर नजर टाकली आणि माझा खांदा थोपटून सांगितले, की काळजीचे कारण नाही, दुसरे नाव नुसते लिहायचे असते, ते कोणी उच्चारत नाही.