म्हणे पन्नाशीनंतर चालू नका!

चालून गुडघे झिजतात, हृदयाचे मोजून मिळालेले ठोके संपतात, रोज दहा हजार पावलं ही कंपन्यांची लबाडी आहे, तेव्हा पन्नाशीनंतर चालणं सोडा आणि घरबसल्या पाय हलवणाऱ्या मशीनवर पाय ठेवा, असा एक मेसेज घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. खाली डॉक्टरचं नाव नाही, मशीनवाल्याचा मोबाइल नंबर मात्र ठळक आहे. नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या माझ्या मावशीने तो वाचला आणि सकाळचं फिरणं बंद केलं. भाजी ॲपवरून, बिलं मोबाइलवरून, उरलेला दिवस सोफ्यावर. "आता कायले चालू बाप्पा, गुडघे संपून जातीन!" नाहीतर असल्या मेसेजला उत्तर देत बसायची मला हौस नाही.

गुडघ्यांचंच आधी बघू, कारण खरं नुकसान तिथेच होतंय. गुडघा म्हणजे स्कूटरचा टायर नव्हे, की जितका वापराल तितका घासला जाईल. सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्याच नसतात. तिचं पोषण होतं सांध्यातल्या द्रवातून, आणि पाऊल टाकताना दाब पडतो-सुटतो, तेव्हा तो द्रव तिच्यात खेळता राहतो. वर बसून बसून मांडीचे स्नायू अशक्त झाले की त्यांचा भारही सांध्यावर येतो. मावशी आता सोफ्यावरून उठताना दोन्ही हात हँडलवर टेकवते, एकदा पुढे झोका घेते, मागे बसते आणि दुसऱ्या झोक्याला उठते. हे म्हणे वाचवलेले गुडघे! गुडघा सुजला असेल किंवा मध्येच अडकत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. पण झिजेच्या सांधेदुखीवर तेही व्यायामच सांगतात.

ठोक्यांचा हिशेब तर हसण्यासारखा आहे. समजा, बैठ्या माणसाचे मिनिटाला 72 ठोके, म्हणजे दिवसाचे 1,03,680. नियमित चालणाऱ्याचे ठोके एरवी कमी पडतात. ते 62 धरा आणि रोज तासभर चालताना 110 धरा. बेरीज 92,160. म्हणजे ठोके मोजूनच मिळाले असतील, तर उधळपट्टी सोफ्यावरच चाललीय.

दहा हजारांबद्दल मात्र मान्य करावं लागतं. हा आकडा प्रयोगशाळेतून नाही, 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्रातून आला. बरं मग? आकडा जाहिरातीचा म्हणून चालणंच खोटं? जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बस कर्मचाऱ्यांचा अभ्यास 1953 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. एकाच दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी, आणि झाला तरी मृत्यू कमी. ड्रायव्हर मुळातच जाड असतील, ही शंका रास्त होती. मॉरिस आणि सहकाऱ्यांनी युनिफॉर्मच्या मापांवरून तीही तपासली, आणि ड्रायव्हरांची कंबर खरंच रुंद निघाली. पण टपाल खात्यातही तेच दिसलं होतं: पत्रं वाटत फिरणारे पोस्टमन बैठ्या कारकुनांपेक्षा बरे. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मोजतच नाही. तिचा 2020 चा सल्ला आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायामाचा आहे, पासष्टीच्या पुढच्यांनाही. तोही एका दमात व्हायला हवा असं नाही.

मशीनबद्दल काय बोलायचं? पाय मशीन हलवतं, तुम्ही नाही. बरं वाटत असेल तर ठेवा पाय, पण त्याला चालणं म्हणू नका.

'आपल्या आजोबांनी कुठे व्यायाम केला?' असंही मेसेजच्या शेवटी विचारलंय. आजोबा नागपूरच्या महाल भागातून बर्डीला सायकलने जायचे हो! आपण गल्लीच्या टोकावर तर्री-पोहे खायला गाडी काढतो.

नागपूरच्या उन्हाचं म्हणाल, तर तेवढं खरं, मे महिन्यात अकरा वाजता कोणी चालायला जाऊ नये. त्यासाठी पहाटे साडेपाच आहे, आणि तेही जमत नसेल तर फोनवर बोलताना घरातल्या घरात फेऱ्या मारा. मावशीचे फोन अर्धा-अर्धा तास चालतात.