४४ विजेतेपदं, पण मोजली कुणी आणि कशी?

लॅक्रॉस म्हणजे जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघाचा विषय निघाला की पहिला आकडा येतो तो ४४ राष्ट्रीय विजेतेपदांचा. आकडा बरोबर आहे. पण तो एका दमात सांगणं मला पटत नाही, कारण त्यात दोन वेगळे हिशेब एकत्र केलेत.

अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरची बाद फेरीची विद्यापीठ स्पर्धा सुरू झाली १९७१ साली. पहिल्या अंतिम सामन्यात कॉर्नेल विद्यापीठाने मेरीलँड विद्यापीठाला १२-६ असं हरवलं. त्याआधी बहुतेक वर्षं अंतिम सामना असा नसायचा. हंगाम संपला की विद्यापीठ लॅक्रॉसची संघटना निकाल बघून विजेता जाहीर करायची, आणि दोन-तीन संघ तोडीस तोड वाटले की विजेतेपद वाटून टाकायची. हॉपकिन्सच्या ४४ पैकी ३५ विजेतेपदं १९७१ च्या आधीची आहेत, स्पर्धा खेळून जिंकलेली ९.

१९६७ ते १९७० ही चार वर्षंच बघा. चारही वर्षांचं विजेतेपद हॉपकिन्सच्या खात्यात आहे. पण १९६७ मध्ये मेरीलँड आणि नेव्ही (नौदल अकादमीचा संघ) वाटेकरी होते, १९६९ मध्ये आर्मी (लष्करी अकादमीचा संघ), १९७० मध्ये नेव्ही आणि व्हर्जिनिया. एकट्याचं म्हणावं असं फक्त १९६८ चं. यात लबाडी कुणाचीच नाही, तेव्हाची रीतच तशी होती. पण ‘सलग चार’ म्हणताना एवढं तरी सांगावं.

उलट त्या ९ विजेतेपदांबद्दल फार कमी लिहिलं जातं. १९७८ चा अंतिम सामना घ्या. कॉर्नेल ओळीने ४२ सामने जिंकून आलं होतं आणि हॉपकिन्सने ते १३-८ असं रोखलं. हॉपकिन्सचे प्रशिक्षक होते हेन्री चिकारोनी. पुढची दोन वर्षंही हॉपकिन्सच जिंकलं, त्यातलं १९८० चं व्हर्जिनियाविरुद्ध जादा वेळेत, ९-८. पुढे २००५ आणि २००७ मध्ये ड्यूक विद्यापीठाला हरवलं, दोन्ही वेळा एकेका गोलने. माझ्या लेखी यातला एकेक सामना वाटून मिळालेल्या तीन विजेतेपदांना भारी आहे.

सुरुवात मात्र अगदीच साधी. १८८३ मध्ये बाल्टिमोरच्याच ड्रुइड क्लबविरुद्ध पहिला सामना, त्यात ४-० ने हार. पहिलं विजेतेपद १८९१ चं. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस प्रदर्शनीय खेळ होता आणि अमेरिकेतर्फे गेला तो थेट हॉपकिन्सचा संघ. कॅनडाला ६-३ हरवलं, ब्रिटनकडून ७-६ ने हरले, आणि ब्रिटनला कॅनडाने हरवल्यामुळे तिघेही बरोबरीत! १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा तेच गेले आणि कॅनडाविरुद्धची मालिका २-१ अशी जिंकले.

आणखी एक गोष्ट विजेतेपदांच्या यादीत कधीच दिसत नाही, ती म्हणजे काठी. जुनी काठी हिकरीच्या लाकडाची. लाकूड वाफवून वाकवायचं, कित्येक महिने वाळवायचं, मग कातड्याच्या वाद्यांनी, म्हणजे पट्ट्यांनी, जाळी विणायची. डोक्याची, म्हणजे टोकाच्या जाळीच्या चौकटीची, एक कड लाकडी, दुसरी वादीची, त्यामुळे प्रत्येक काठीला स्वतःची बाजू असायची. उजवीकडून डावीकडे हात बदलला की फेक बिघडायची. पावसात वाद्या सैल पडून खिसा, म्हणजे चेंडू बसतो तो जाळीचा खोलगट भाग, खोल व्हायचा, चेंडू उशिरा सुटायचा आणि नेम धरलेल्या जागेच्या खाली जायचा. खिसा फार खोल नसावा म्हणून आजही नियम आहे: काठी आडवी धरल्यावर चेंडूचा वरचा भाग कडेच्या खाली दिसला तर ती काठी बाद. गोलरक्षकाला तेवढी सूट.

या काठ्या मुख्यतः मोहॉक या उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचे कारागीर बनवायचे. कॅनडातल्या कॉर्नवॉल बेटावरचा त्यांचा मोठा कारखाना १९६८ मध्ये जळाला आणि काठ्यांची टंचाई झाली. १९७० मध्ये बाल्टिमोरच्याच एसटीएक्स कंपनीने प्लास्टिकचं डोकं आणलं. दोन्ही कडा सारख्या, वजन ठरलेलं, मोडलं तर दुसरं तसंच मिळणार. १९७० नंतरचा दोन्ही हातांनी खेळला जाणारा वेगवान खेळ प्रशिक्षकांइतकाच या डोक्यामुळे घडला, असं माझं मत. स्पर्धा आणि प्लास्टिक जेमतेम वर्षभराच्या अंतराने आले, म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे आकडे एका ओळीत मांडू नयेत.

आता लॅक्रॉस २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये परततोय. तो निर्णय झाला ऑक्टोबर २०२३ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या आपल्या मुंबईतल्या अधिवेशनात. आपल्याकडच्या बातम्या त्याच वेळी मंजूर झालेल्या क्रिकेटपाशीच थांबल्या, ते एका अर्थी साहजिकच. पण २०२८ चा खेळ सहा-सहा जणांचा, लहान मैदानावरचा आहे. हॉपकिन्स खेळतं तो दहा-दहा जणांचा, ११० बाय ६० यार्डांवरचा. आणि ज्यांच्याकडून हा खेळ विद्यापीठांपर्यंत आला त्या हौडेनोसौनी लोकांना (हा मूळ रहिवासी जमातींचा संघ, मोहॉकही त्यांच्यातलेच) स्वतःच्या नावाने तिथे उतरता यावं म्हणून अजून झगडावं लागतंय, कारण त्यांच्याकडे मान्यताप्राप्त ऑलिंपिक समिती नाही. १९२८ मध्ये एका विद्यापीठाचा संघ अख्ख्या देशाचा संघ म्हणून उतरला, तेव्हा ते चाललं.